रेडिएटरमधलं पाणी पुन्हा पुन्हा तांबडं का होतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गाडी ३० वर्षांची, पेट्रोल. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर पितळी. कॅप उघडली की आत विटकरी रंगाचं गढूळ पाणी दिसतं. दोन वर्षांत दोनदा कूलंट बदललं, दोन्ही वेळा सहा महिन्यांच्या आत रंग पुन्हा तोच. चढावर तापमानाचा काटा वर सरकतो. एक मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाका. दुसरा म्हणतो ‘लाँग लाइफ’ नारिंगी कूलंट भरा.

सध्या यातलं काहीच करू नका. तिसऱ्यांदा कूलंटही भरू नका. धड कूलंट योग्य प्रमाणात भरलेलं असेल तर ते सहा महिन्यांत तांबडं होत नाही. होत असेल तर कुठून तरी आत हवा शिरतेय, किंवा सिलिंडरमधला जळका वायू शिरतोय, किंवा कूलंटमधून वीज वाहतेय, नाहीतर मागच्या दोन्ही वेळी ब्लॉकमधला गाळ तसाच राहिला. हवा आणि गाळ ही दोन कारणं मला सगळ्यात जास्त वेळा सापडली आहेत, आणि बऱ्याचदा जोडीनं. साफसफाई करायचीच आहे, पण ती कारण सापडल्यावर.

कूलंट नेमकं काय करतं हे माहीत असलं की पुढचं सगळं सोपं जातं. बाटलीत मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल असतं. ते पाण्याचा गोठणबिंदू खाली नेतं आणि उकळबिंदू वर. गंज थांबवणं हे त्याचं काम नाही. उलट तापलेल्या ग्लायकॉलला हवेतला ऑक्सिजन मिळत राहिला की त्याचं हळूहळू ग्लायकॉलिक आणि फॉर्मिक आम्ल होतं. धातू वाचवतात ती त्यात घातलेली रसायनं, आणि ती असतात अवघी काही टक्के. सिलिकेट ॲल्युमिनियमवर पातळ थर धरतं, फॉस्फेट किंवा बोरेट तयार होणारं आम्ल शोषून घेतं, टॉलिलट्रायझोल तांब्या-पितळेला चिकटून बसतं. भांड्याच्या कल्हईसारखंच हे वापराबरोबर उडत जातं. कल्हई उडालेली निदान दिसते. कूलंटचा रंग मात्र आतली रसायनं संपली तरी हिरवागार राहू शकतो, कारण तो नुसता घातलेला रंग असतो.

म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर गोठणबिंदू ‘उणे ३७’ दिसला की कूलंट ठीक आहे, हा समज सोडा. ते यंत्र ग्लायकॉलचं प्रमाण सांगतं. ग्लायकॉल दहा वर्षं टिकेल, रसायनं दोन वर्षांत संपतील. त्यासाठी पीएचची पट्टी बुडवून बघा. जुन्या पद्धतीच्या हिरव्या कूलंटचा पीएच नवं असताना साधारण १० च्या आसपास असतो, सेंद्रिय आम्लांच्या कूलंटचा ८ ते ८.५. आकडा ७ च्या खाली गेला असेल तर तुमच्या गाडीत आता सौम्य आम्ल फिरतंय. त्यात बीड, ॲल्युमिनियम, पितळ आणि शिशाची झाळ एकत्र बुडालेली, म्हणजे बॅटरीचा सेलच झाला. अशा वेळी सगळ्यात आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. थर्मोस्टॅटचं घर, हेडवरची पाण्याची तोंडं, रबरी होज जिथे बसतो ती नळी, या जागी आधी खड्डे पडतात.

आता हवा. गंजाला ऑक्सिजन लागतो, आणि बंद, काठोकाठ भरलेल्या यंत्रणेत तो फारसा नसतो. असेल तेवढा पहिल्या काही दिवसांत संपतो आणि गंज मंदावतो. म्हणून सहा महिन्यांत लालभडक पाणी म्हणजे ऑक्सिजनचा रोजचा पुरवठा. यात पहिली संशयित रेडिएटरची कॅप. तिच्यात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब धरून ठेवते आणि जास्तीचं कूलंट रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत सोडते. मधली छोटी झडप इंजिन थंड होताना उघडते आणि तेच कूलंट बाटलीतून परत ओढून घेते. गाडी रोज तापते, रोज थंड होते, म्हणजे रोज एकदा श्वास सोडते आणि एकदा घेते. कॅपचं रबर कडक झालेलं असेल, बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरलेली असेल किंवा बाटली रिकामी असेल, तर हा श्वास हवेचा होतो.

याची परीक्षा फुकटात होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची कॅप सकाळी उघडा. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला हवा. बाटलीत कूलंट आहे आणि रेडिएटर मात्र दोन बोटं रिकामा, असं असेल तर कॅप किंवा ती नळी कामातून गेली आहे. कॅप बदलताना तिच्यावरचा आकडा बघा. ०.९ बारची असेल तर ०.९ चीच घ्या. जास्त दाबाची कॅप लावून गाडी कमी तापेल, हा विचार जुन्या रेडिएटरला महागात जातो. तीस वर्षांची झाळ तो जादा दाब सोसत नाही, आणि डॅशबोर्डमागचा हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, तर त्याहून नाजूक. गरम इंजिनाची कॅप मात्र कधीच उघडू नका. दाबाखाली ११० अंशांवरही कूलंट द्रवरूपच असतं. कॅप सैल झाली की ते त्या क्षणी उकळून अंगावर येतं.

हवा शिरायची दुसरी वाट म्हणजे वॉटर पंपाची ओढणारी बाजू, म्हणजे खालचा होज आणि त्याची क्लिप. इंजिन वेगात फिरताना इथला दाब सगळ्यात कमी असतो. त्यामुळे जी फट उभ्या गाडीत थेंबभरही गळत नाही ती चालत्या गाडीत हवा ओढू शकते. क्लिप काढून नळीचं तोंड बघा. गंजून खडबडीत झालं असेल तर नवी क्लिप कितीही आवळली तरी उपयोग नाही. तोंड घासून गुळगुळीत करावं लागतं. होज हातात आहेच तर क्लिपजवळ दाबून बघा. जुने होज बाहेरून चकचकीत दिसतात आणि आतून लांबीच्या दिशेनं चिरत जातात, तेही टोकांपासून बोटभर अंतरात. मधल्या भागापेक्षा टोक मऊ लागलं तर होज गेला. काही गाड्यांत खालच्या होजच्या आत स्प्रिंग असते, ओढीनं होज चपटा होऊ नये म्हणून. ती गंजून तुटलेली मी बऱ्याचदा बघितली आहे, आणि नवीन होजमध्ये ती घालायला विसरलेलीही. चढावर काटा वर जाण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

जळक्या वायूकडे वळतो. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, थोडंसं जरी सुटलं तरी सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये जातो, आम्ल वाढवतो आणि आतली रसायनं बघता बघता संपवतो. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर शंका घ्या. एवढ्यात पाणी तापून दाब येऊच शकत नाही. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर बसवलेल्या नळीतून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. तुमचा काटा चढावर वर जातो म्हणता, म्हणून ही चाचणी सगळ्यात आधी करून घ्या. गॅस्केट गेलेलं निघालं तर खालचं सगळं त्या कामानंतर.

विजेचं कारण क्वचित सापडतं, पण सापडतं तेव्हा माणसाला वेड लावतं. माझ्याकडे एक गाडी होती. तिचं थर्मोस्टॅटचं ॲल्युमिनियमचं घर दीड वर्षात दोनदा भोकं पडून गळलं. कूलंट चांगलं, पाणी चांगलं, कॅप नवी. शेवटी मल्टिमीटर काढला. काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, लाल वायर रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवली, धातूला न टेकवता. सगळं बंद असताना आकडा नगण्य. स्टार्टर फिरवला तर ०.६ व्होल्टच्या पुढे. आधी कुणीतरी इंजिन उतरवलं होतं आणि बसवताना ब्लॉक ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी जोडायची राहिली होती. स्टार्टरचा प्रवाह मिळेल त्या वाटेनं परत जात होता, त्यात कूलंटही आलं. पट्टी जोडल्यावर त्रास संपला. ०.१ व्होल्टपर्यंत चालतं; ॲल्युमिनियमच्या इंजिनात ०.३ च्या वर गेलं तर शोध घ्यायलाच हवा. स्टार्टर, दिवे, पंखा, हीटरचा ब्लोअर असं एकेक चालू करत बघा, म्हणजे कुणाचं अर्थिंग खराब आहे ते आपोआप कळतं.

एवढं तपासून झालं की साफसफाई. मागच्या दोन वेळी ‘कूलंट बदललं’ म्हणजे बहुधा रेडिएटरखालचा नळ सोडला, पाणी गेलं, वरून नवं ओतलं. असं केलं की साधारण अर्धंच कूलंट बाहेर येतं. उरलेलं ब्लॉकच्या वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, आणि हीटरमध्ये तसंच राहतं, तांब्या-लोखंडाचा सगळा चिखल सोबत घेऊन. नवी रसायनं त्या चिखलावरच खर्ची पडतात. ब्लॉकच्या बाजूला खाली एक ड्रेन प्लग असतो. जुन्या गाडीत तो वर्षानुवर्षं कुणी उघडलेला नसतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सहा बाजूंचा सॉकेटच वापरा, घाई करू नका. तो निघाला आणि पाणी आलंच नाही, तरी काम झालं असं समजू नका. प्लगच्या मागे गाळ दाटून बसलेला असतो. वाकवलेली तार आत घालून फिरवली की आधी गुठळ्या येतात, मग काळपट धार. गाळ सगळ्यात जास्त साठतो तो मागच्या सिलिंडरच्या तळाशी, कारण तिथे पाण्याचा वेग कमी असतो.

मग थर्मोस्टॅट तात्पुरता काढा, हीटरची झडप पूर्ण गरमवर ठेवा आणि साध्या पाण्याच्या नळीनं उलट्या दिशेनं धुवा. पाण्याचा जोर मध्यमच ठेवा. स्वच्छ पाणी यायला लागलं की लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. मी लिटरला ३० ग्रॅमच्या वर जात नाही. भरायचं, इंजिन चालू तापमानाला आणायचं, अर्धा तास चालवायचं, थोडं निवलं की सोडायचं. रात्रभर ठेवू नका, आत ॲल्युमिनियम आहे. नंतर साध्या पाण्यानं तीन-चार वेळा, आणि शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच तुम्ही आत घातलेल्या पाण्याइतका येईपर्यंत धूत राहा. आत आम्ल उरलं तर नवं कूलंट पहिल्याच दिवशी अर्धं म्हातारं होतं.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका जुन्या गाडीत मी जोरदार क्लीनर घालून तासभर इंजिन पळवलं. पाणी आरशासारखं स्वच्छ आलं आणि मी खूश. दुसऱ्या दिवशी रेडिएटर तीन जागी आणि ब्लॉकचा एक कोअर प्लग गळत होता. ती भोकं आधीपासूनच होती, गंजानं बुजलेली. जुन्या गाडीत साफसफाई केली की असं काही उघडं पडणार हे गृहीत धरूनच काम हाती घ्या. कोअर प्लग म्हणजे ब्लॉकच्या ओतीव भोकांवर बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या. त्या आतून कुजतात आणि त्यातली एखादी हमखास गिअरबॉक्सच्या मागे लपलेली असते. गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव मात्र घालू नका. भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यात तिला फरक कळत नाही, आणि सगळ्यात आधी हीटर कोअर बुजतो.

चढावरच्या काट्याबद्दल दोन शब्द. उभ्या गाडीत तापत असेल तर पंखा बघायचा. वेगात किंवा चढावर तापत असेल तर पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटर. इंजिन गरम करून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवरून फिरवा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. पितळी रेडिएटरची चांगली गोष्ट ही की तो दुरुस्त होतो. वरची टाकी झाळ सोडवून काढतात, प्रत्येक नळीत सळी फिरवतात आणि टाकी पुन्हा झाळतात. प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या रेडिएटरला ही सोय नाही. हे काम जाणणारा कारीगर मिळत असेल तर तुमच्या गाडीच्या बाबतीत मी रसायनांवर वेळ घालवण्याऐवजी तेच करीन. वॉटर पंपही बघून घ्या. पंपाच्या खालच्या अंगाला एक छोटं भोक असतं. तिथे सुकलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ दिसला तर आतलं सील गेलं. पंप काढलाच तर पात्यांची धार बघा. पत्र्याची पाती कुजून निम्मी झालेला पंप आवाज करत नाही, गळत नाही, फक्त पाणी ढकलत नाही.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला वाईट का, तेही सांगतो. पहिलं म्हणजे एरवी इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, तेलातला ओलावा उडत नाही आणि आत काळा चिकटा जमतो. दुसरं म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या बाजूनं बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि काही गरम पाणी रेडिएटरला न शिवताच इंजिनात परत जातं. अशी गाडी चढावर आणखी तापते. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह टांगून तापवा. अंगावर ८२ लिहिलं असेल तर ८२ च्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना त्याची बारीक हलती पिन वरच्या बाजूला ठेवा. तिथूनच अडकलेली हवा सुटते.

कूलंट कोणतं, याचं उत्तर आधी गाडीच्या पुस्तिकेत बघा. तुमच्यासारख्या पितळी रेडिएटर आणि शिशाच्या झाळेच्या गाडीला मी जुन्या पद्धतीचं, सिलिकेट असलेलं कूलंट भरतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो. नारिंगी म्हणून विकलं जाणारं कूलंट बहुधा सेंद्रिय आम्लांचं असतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ते सर्रास आलं, ॲल्युमिनियमच्या नव्या इंजिनांसाठी. त्यात ते पाच वर्षं सहज टिकतं, पण शिशाच्या झाळेला आणि काही जुन्या सीलना ते मानवत नाही. दोन्ही प्रकार मिसळले तर दोन्हींचं आयुष्य घटतं, आणि कधीकधी आत जेलीसारखा गोळा तयार होतो. रंगावरून प्रकार ओळखायला जाऊ नका. हिरवं सेंद्रियही असतं आणि नारिंगी रंगाला कुठलं सक्तीचं मानक नाही. बाटलीच्या मागचा मजकूर वाचा. डिझेलची ओल्या लायनरची (म्हणजे ज्यांच्या सिलिंडरच्या नळीला कूलंट थेट लागतं अशी) इंजिनं हा वेगळा विषय आहे, तिथे लायनरला बुडबुड्यांनी भोकं पडू नयेत म्हणून नायट्राइटसारखी वेगळी रसायनं लागतात. तुमची पेट्रोल, म्हणून सोडून देतो.

पाणी डिस्टिल्डच. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातले क्षार सगळ्यात गरम जागी, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटभोवती, पांढऱ्या थराच्या रूपानं बसतात, नेमकं जिथून उष्णता निघून जायला हवी तिथे. क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडतं. मात्र नुसतं डिस्टिल्ड पाणीही भरू नका. त्यात गंजरोधक काहीच नसतं. निम्मं-निम्मं हे प्रमाण ठेवा. एवढ्यानं उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि एक बारच्या कॅपखाली उकळबिंदू १२९ अंशांच्या आसपास जातो. एक तृतीयांशाच्या खाली कूलंट गेलं तर गंजरोध पुरत नाही. ६० टक्क्यांच्या वर नेलं तर उलटा तोटा, कारण उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही.

भरताना एक हिशेब चुकतो. धुतल्यावर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच पाणी उरतं, ते निघत नाही. त्यावर तयार मिश्रण ओतलं की प्रमाण निम्म्याच्या बरंच खाली येतं. म्हणून घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट घ्या. यंत्रणेची क्षमता ८ लिटर असेल तर आधी ४ लिटर घट्ट कूलंट ओता आणि मग काठापर्यंत डिस्टिल्ड पाणी. गाडीचं नाक थोडं उंच राहील अशी उभी करा, हीटर चालू, कॅप उघडी, सावकाश ओता. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा.

निघालेलं जुनं कूलंट झाकण असलेल्या डब्यात घ्या. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानंही मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. गटारात ओतू नका, वापरलेलं तेल जिथे देता तिथे विचारून द्या.

पहिले आठ-दहा दिवस रोज सकाळी थंड गाडीची पातळी बघा. थोडी उतरेल, ती अडकलेली हवा सुटल्यामुळे. महिन्याभरात पाण्याला फिकट तांबूस छटा आली तर घाबरू नका, ब्लॉकच्या कोपऱ्यातला उरलेला गंज सुटतोय. पीएच जागेवर असेल तर गाडी चालवा आणि सहा महिन्यांनी, दोन वर्षांची वाट न बघता, ब्लॉकच्या प्लगसकट एकदा आणखी बदला. पण पीएच खाली सरकलेला दिसला तर कूलंट विकत घेण्याआधी पुन्हा कॅप, खालचा होज आणि निळ्या द्रवाची चाचणी, याच क्रमानं.